जावयाची आडवी बाटली

दुर्गाबाईच्या नाकाची गावात दहशत होती. कुणाच्या नवऱ्यानं काय ढोसलं, देशी की हातभट्टीची, आणि वास मारायला वरून बडीशेप खाल्ली की कच्चा कांदा, हे ती हातभर अंतरावरून सांगायची. बायका तिला मुद्दाम घरी बोलवायच्या. 'दुर्गाबाई, जरा चहाला येऊन जा,' असा निरोप आला की समजायचं, चहा निमित्ताला आहे, तपासणी नवऱ्याची आहे. ती जायची, त्याच्याशी पाऊसपाण्याच्या दोन गोष्टी बोलायची आणि उठताना त्याच्या बायकोकडं बघून नुसती मान हलवायची. पुढचं त्या घराचं ते घर बघून घ्यायचं.

अशी बाई फाट्यावरच्या देशी दारूच्या दुकानाला सुखानं नांदू देणं शक्यच नव्हतं. शहागडच्या अलीकडं हायवेला गावाचा फाटा होता आणि फाट्यावर ते दुकान होतं. दुर्गाबाईनं बायकांच्या सह्या-अंगठे गोळा केले, तहसिलात खेटे घातले, आणि दोन हजार नऊ सालच्या दिवाळीनंतरचा एक रविवार मतदानाला मिळवला. मत फक्त बायकांनी द्यायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. हे म्हाताऱ्या बायकांच्या गळी उतरवायला तिनं तेलाची एक रिकामी बाटली पिशवीत घेतली आणि घरोघर फिरली. अंगणात बाटली उभी करायची आणि म्हणायचं, ही नको. मग ती आडवी करायची आणि म्हणायचं, हिच्यावर शिक्का. महिनाभर तिनं बाटल्या आडव्या करण्यापलीकडं दुसरं काम केलं नाही.

त्याच धामधुमीत, मतदानाच्या आधी गुरुवारी, पुण्याहून लेक आणि जावई आले.

लेक कौसल्या एकुलती एक. तिचा बाप कडूबा ती लहान असतानाच हायवेवर ट्रकखाली गेला. तो शुद्धीत नव्हता हे ट्रकवाल्यानंही सांगितलं आणि गावानंही. तेव्हापासून दुर्गाबाईनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. लेकीला दारुड्याच्या घरात द्यायची नाही. जमीन कमी असली चालेल, रंग काळा असला चालेल, पण पिणारा नको. म्हणून भुजंगचं स्थळ बदनापूरकडून आलं तेव्हा तिनं त्याची चौकशी पोलिसांनी करावी तशी केली. त्याच्या मामाला विचारलं, शाळेतल्या मास्तरांना विचारलं, त्याची दाढी करणाऱ्या न्हाव्यालासुद्धा विचारलं. सगळे म्हणाले, पोरगा सुपारीचं खांड खात नाही. पुण्यात स्टीलच्या मोठ्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. टाक्या कशाच्या, तर दुधाच्या. दूध म्हटल्यावर दुर्गाबाई निवांत झाली आणि तिनं अक्षता टाकल्या.

हा भुजंग आता कंपनीच्या कामानं दुसऱ्यांदा बेल्जियमला जाऊन आला होता. गावात त्याचं 'बेल्जम' झालं होतं आणि ते दुबईच्या थोडं पुढं आहे, अशी समजूत होती. रिक्षातून उतरताना त्याच्या हातात एक खोका होता. दुर्गाबाई घ्यायला पुढं झाली तर त्यानं तो छातीशी धरला. राहू द्या मामी, मी घेतो, म्हणाला. घरात आल्यावर पाणी प्यायच्या आधी विचारलं, घरात सगळ्यात गार जागा कुठली. माठाच्या मागं, असं कळल्यावर त्यानं खोका तिथं नेऊन ठेवला आणि त्यावर ओलं पोतं टाकलं.

त्यात काय आहे, असं दुर्गाबाईनं विचारलं. तो कौसल्याकडं बघायला लागला. कौसल्या म्हणाली, तिकडची वस्तू आहे, सांगते सावकाश.

सांगते सावकाश हे शब्द दुर्गाबाईला आवडले नाहीत. सरळ गोष्ट माणूस सावकाश सांगत नाही.

मग तिची नजर जावयावर बसली ती उठलीच नाही. शुक्रवारी सकाळी तिनं चहाचा कप त्याच्या हातात द्यायला गरजेपेक्षा चार बोटं जवळ जाऊन वास घेतला. दात घासायच्या पेस्टचा वास आला. कप धरताना त्याचा हात थरथरतो का ते बघितलं. हात स्थिर होता. एवढ्यावर दुसरी सासू गप्प बसली असती. पण दुर्गाबाईनं उभ्या जन्मात एवढी सोंगं बघितली होती की स्वच्छ वासाचाच तिला जास्त संशय येई.

आणि जावई वागतही तसा होता. तिनं मसाल्याला धणे भाजायला घेतले तर हा चुलीजवळ येऊन बसला, चार दाणे तळहातावर चोळून हुंगत राहिला. शेजारच्या मळ्यातून मोसंब्या आल्या. ह्यानं मोसंबी सोलली, फोडी बाजूला ठेवल्या आणि सालीला नख लावून तिचाच वास घेतला. कौसल्याच्या नाकाखाली साल धरून म्हणाला, ही त्याच्यापेक्षा गोड आहे, नाही का. दोघं हसली. त्याच्यापेक्षा म्हणजे कशापेक्षा, हे कुणी सांगितलं नाही. दुपारी तो कोठीतले गहू चावून बघत होता.

धणे, मोसंबीची साल, गहू. दुर्गाबाईनं हे तिन्ही एकत्र मांडले. गावाबाहेरच्या ओढ्यात हातभट्टी लागायची तेव्हा गुळाच्या रसायनात सडकी फळं, साली, नवसागर, हाताला लागेल ते पडायचं, हे तिला माहीत होतं. पोलिसांना घेऊन तिनंच ती पिंपं लवंडली होती. टाक्या बनवणारा माणूस, आणि साली हुंगतो. दूध ठेवायच्या टाकीत दुसरं काही ठेवता येत नाही, असा काही सरकारी नियम नव्हता.

ती कौसल्याला सरळ विचारू शकत नव्हती. सरळ विचारलं की लेकी सरळ खोटं बोलतात, हा तिचा दुसऱ्या घरांतला अनुभव होता. म्हणून तिनं कासारणीला घरी बोलावलं. पुण्याला जाऊन हात उघडे पडलेत, बांगड्या भर, म्हणाली. बांगड्या भरताना कौसल्याला बाही वर करावी लागली. दुर्गाबाईनं दंडापासून मनगटापर्यंत दोन्ही हात डोळ्यांनी तपासले. कुठं काळंनिळं नव्हतं. सुखी आहेस ना, असं तिनं कासारणीसमोर हसत विचारलं. कौसल्या म्हणाली, माय, तू अशी टक लावून काय बघतीस.

शनिवारी दुपारी भुजंग आंघोळीला गेला आणि कौसल्या शेजारी गेली, तेव्हा दुर्गाबाईनं ओलं पोतं उचललं.

खोक्यात सहा बाटल्या होत्या. जुन्या साडीच्या चिंध्यांत एक-एक गुंडाळलेली. तिनं एक काढून उजेडात धरली. जाड काच, वर परदेशी अक्षरं, आणि मधोमध गव्हाच्या ओंब्यांचं चित्र. तळाशी पांढरा गाळ साचलेला. बाटली हलवली तसा तो गाळ ढगासारखा वर आला आणि आतलं सगळं गढूळ झालं. दारू तर होतीच, वर नासलेली. ती तशीच माठाला टेकून बसली.

मतदानाचं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. फाट्यावरच्या दुकानदाराला हे कळलं तर तो उद्या सकाळी गावभर हलगी वाजवील. पण त्याची तिला एवढी भीती वाटली नाही. तिच्या डोळ्यांसमोर कौसल्या होती. साऱ्या गावाचे नवरे हुंगत फिरले आणि माझ्याच लेकीला मी डोळे झाकून दिली, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. न्हाव्यापर्यंत गेले, पण टाकीत वाकून बघितलं नाही.

तिनं बाटली होती तशी ठेवली. आता मुद्देमालासकट धरायचं, असं ठरवलं. जेवणं झाल्यावर तिनं पिशवीत तेलाची बाटली टाकली आणि मोठ्यानं सांगितलं, मी कांताबाईकडं वस्तीवर जाते, तिकडच्या बायका राहिल्यात, यायला दिवस मावळेल. कांताबाई तिच्या मोहिमेतला उजवा हात होती, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. दुर्गाबाई फाटकाबाहेर पडली, वळसा घालून गोठ्याकडून परत आली आणि मागच्या दारात उभी राहिली. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरताना तिला लाज वाटत होती आणि रागही येत होता.

आत घोंगडी अंथरलेली होती. कौसल्या एका कडेला सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. भुजंग मांडी घालून बसला होता, आणि त्याच्यासमोर बाटली आडवी होती. तळहात तिच्यावर ठेवून तो ती पोळपाटावरच्या लाटण्यासारखी मागंपुढं फिरवत होता. दोन काचेचे पेले शेजारी मांडलेले.

आडवी बाटली. दुर्गाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पिणं परवडलं, पण हा माझीच नक्कल करून हसतोय, असं तिला वाटलं. ती आत शिरली.

"जावई, माझ्या घरात माझीच थट्टा करून राह्यले का?"

भुजंग असा ताडकन उठला की बाटली घरंगळत सुपापाशी गेली. थट्टा कसली, हेच त्याला कळेना. कौसल्यानं बाटली हातानं थांबवली आणि आईकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे दुर्गाबाईच्या तेव्हाही लक्षात आलं आणि ती आणखीच बिथरली.

"माय, बस," कौसल्या म्हणाली. "हे माझ्यासाठी आणलंय ह्यांनी. ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त आवडतं."

दुर्गाबाई बसली नाही, तिनं दाराची चौकट धरली. मग कौसल्यानं सगळं सांगितलं. टाक्या दुधाच्याही होतात आणि बीअरच्याही. बेल्जियमला भुजंग गेला तो बीअरच्या टाक्या बसवायला. तिकडं खेडोपाडी छोटे छोटे कारखाने आहेत, एकेका घराण्याचे, आपल्याकडं गुऱ्हाळं असतात तसे. त्यांतली काही माणसं धणे आणि संत्र्याची साल घालून गव्हाची बीअर करतात. तो आयुष्यात कधी प्यायला नव्हता. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं आधी नुसता वास घ्यायला लावला, तर ह्याला आपल्या घरच्या मसाल्याची आठवण आली. पहिल्या खेपेला त्यानं येताना दोन बाटल्या आणल्या. कौसल्यानं भीत भीत घोट घेतला आणि मग रविवारी एक बाटली दोघांत, असं ठरून गेलं. आता पुण्याजवळ असा एक छोटा कारखाना निघतोय आणि त्यांनी भुजंगला बोलावलंय. त्याला जायचंय. कौसल्या म्हणाली होती, मायला सांगितल्याशिवाय जायचं नाही, आणि नुसतं तोंडी सांगायचं नाही, समोर ठेवून सांगायचं. मतदान झाल्यावर सांगणार होतो. आज तू नाहीस म्हणून आमची एक उघडत होतो.

"अन् ती लोळवून कामून राह्यले?" दुर्गाबाईनं विचारलं. थट्टेचा काटा अजून निघाला नव्हता.

भुजंगला आता कुठं बोलता आलं. "मामी, तळाला गाळ असतो, तो यीस्टचा. तो वर यावा म्हणून आधी थोडी आडवी फिरवायची असती. तो म्हातारा बी असंच करायचा. तुमच्या बाटलीचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई, खरंच सांगतो."

त्याच्या चेहऱ्याकडं बघून दुर्गाबाईला पटलं की ह्याला थट्टा करण्याइतकी अक्कल नाही. पण पटलं म्हणून संशय गेला, असं नव्हे. गोड बोलणारे तिनं कमी बघितले नव्हते. सुरुवातीला सगळेच रविवारी पितात. ती घोंगडीवर बसली आणि म्हणाली, ओता, मला बघू द्या. किती पिता आणि पिऊन काय होतं, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

अशा परीक्षेला बसलेला माणूस जगात तोच असेल. त्यानं झाकण उघडलं, पेला तिरपा धरला आणि हळू ओतलं. रंग दारूचा नव्हताच. ताकात हळद पडावी तसा फिका, गढूळ पिवळा, आणि वर बोटभर पांढरा फेस. दुसरा पेला भरताना त्यानं शेवटचा घोट बाटलीत घोळवून वरून घातला. कौसल्यानं पेला उचलला, पण प्यायली नाही. डोळे मिटून आधी वास घेतला. म्हणाली, ह्यात धणे जास्त आहेत, मागच्या वेळच्यात साल जास्त होती. भुजंग म्हणाला, साल कडू संत्र्याची असते, पण आपली मोसंबी घातली तर कशी लागेल ते बघायचंय. कौसल्या म्हणाली, मोसंबीचा पांढरा भाग जाऊ देऊ नका, नाहीतर घसा धरेल. नवरा-बायको भाजीच्या चवीबद्दल बोलतात तशी ती दोघं बोलत होती. घोट लहान होते. गिळल्यावर दोघं थांबायची, जिभेवर काय राहिलंय ते एकमेकांना सांगायची. गव्हामुळं घोट मऊ लागतो, असं भुजंगचं म्हणणं. कौसल्याचं म्हणणं, मऊ आधी, मग जराशी आंबट, कैरीच्या पन्ह्याला शेवटी असते तेवढी.

दुर्गाबाईनं असं पिणं कधी बघितलं नव्हतं. तिनं बघितलेली माणसं डोळे मिटून एका दमात ओतायची आणि तोंड वाकडं करायची. चवीचा आणि दारूचा काही संबंध असतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

"आण इकडं," ती कौसल्याला म्हणाली.

तिनं पेला तोंडाला लावला नाही. नाकाला लावला. ज्या नाकाला गाव भीत होतं, ते नाक त्या फेसावर बराच वेळ राहिलं. भाजायच्या आधीचे धणे आले. साल आली. ओल्या पोत्यातल्या गव्हाचा वास आला. सगळं तिच्याच घरातलं. आंबूस काहीतरी होतं, पण ते नाव ठेवण्याजोगं नव्हतं. आपलं नाक पहिल्यांदाच आपल्या बाजूनं बोलत नाही, ह्याचा तिला राग आला.

तिनं पेला परत दिला. "चांगलं असंल तुमचं. पर उद्या मी शिक्का आडव्या बाटलीवरच मारणार."

"मारा मामी," भुजंग म्हणाला. "ते दुकान बंद व्हायलाच पाह्यजे."

हेही ठीकच बोलला. तरी दुर्गाबाई उठली नाही. पहिल्या बाटलीला सगळेच शहाणे असतात. पेले रिकामे झाले होते, आणि भुजंगची भीड आता चेपली होती. तो त्या म्हाताऱ्या मालकाचे किस्से सांगायला लागला. दुसरा एक कारखाना आहे, त्याची चव अगदी वेगळी, असं म्हणत तो उठला, माठामागं गेला आणि दुसरी बाटली घेऊन आला. हे मामींना हुंगायला द्यायचंच, म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. अंगठा झाकणाकडं गेला.

कौसल्या तांदूळ निवडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"अहो, पुरं आता."

दुर्गाबाई उठली. कधी उठली ते तिलाही कळलं नाही. भुजंग आणि कौसल्या यांच्यामध्ये जाऊन ती उभी राहिली, एक हात मागं लेकीवर, दुसरा स्वतःच्या तोंडासमोर आडवा. सगळं अंग आवळून ती वाट बघत होती.

काही झालं नाही. भुजंग 'बरं' म्हणाला, बाटली चिंधीत गुंडाळली आणि माठाकडं परत गेला. जाताना विचारलं, चहा टाकू का तिघांचा.

तिनं हात खाली घेतला नाही. हा जावई सासूसमोर नाटक करतोय, ह्याची किंमत कौसल्याला नंतर मोजावी लागणार, असं तिचं मन म्हणत होतं. ती स्वयंपाकघराकडं कान लावून राहिली. भांडं आपटल्याचा आवाज आला नाही. साखरेचा डबा कुठं आहे, एवढंच तो विचारत होता, आणि कौसल्या बसल्या जागेवरून सांगत होती. तो आवाज जिला काही सोसावं लागत नाही अशा बाईचा होता. तो ऐकून दुर्गाबाईच्या मनातला संशय एकदम गळून पडला आणि त्या जागी जे आलं त्यानं ती हबकली. तिला पोटच्या लेकीचा हेवा वाटत होता.

कौसल्या उठून तिच्या डाव्या बाजूला आली आणि काहीतरी बोलली. दुर्गाबाईला ते ऐकू आलं नाही. तो डावा कान तिचा कामातून गेलेला होता. लहानपणी कान फुटला, असं गावाला ठाऊक होतं, आणि कौसल्यालाही तिनं तेच सांगितलेलं. बाप प्यायचा पण त्यानं कधी हात उचलला नाही, हेही तिनंच सांगितलेलं. कौसल्या वळसा घालून उजवीकडं आली आणि परत म्हणाली, माय, तू अशी मधी येऊन कामून उभी राह्यलीस.

दुर्गाबाईनं तिचा बांगड्या भरलेला हात धरला.

"माझा कान फुटला नव्हता, कौसल्ये," ती म्हणाली. "मी बी तुझ्या बापाला एकदा 'पुरं' म्हणले होते."